विश्व माणसासाठी घडवलंय? खुलासा

"विश्व माणसासाठीच घडलं, हे विज्ञानानं मान्य केलं," असा मेसेज परभणी-नांदेडकडच्या ग्रुपांवर फिरत असतो. पुरावा म्हणून नाव 'अँथ्रॉपिक प्रिन्सिपल'चं. ते तत्त्व असं काही म्हणतच नाही. भौतिकशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी १९७३ मध्ये ते मांडलं, तेही पृथ्वीला विश्वाच्या केंद्रातून हलवणाऱ्या कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीनिमित्तच्या परिषदेत! मुद्दा एवढाच: निरीक्षक जिथं जगू शकतो तिथूनच विश्व पाहणार, निष्कर्ष काढताना हे धरून चाला. पैठण, गंगाखेड, नांदेड गोदाकाठी वसली, म्हणून गोदावरी त्यांच्यासाठी वाहते का?

तत्त्वाचा उपयोग मात्र खरा आहे. वैश्विक स्थिरांक, म्हणजे अवकाशाच्या प्रसरणाला वेग देणारी राशी, फार मोठा असता तर अवकाश झपाट्यानं फाकलं असतं, वायू एकवटून दीर्घिका बनल्याच नसत्या, मग पाहणाराही नसता. यावरून भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये त्याची कमाल मर्यादा काढली. १९९८ मधल्या सुपरनोव्हांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून मिळालेली किंमत त्या मर्यादेतच बसली. तरी काही भौतिकशास्त्रज्ञ अशा युक्तिवादाला खरं कारण शोधण्यातून काढलेली पळवाट म्हणतात, आणि ती तक्रार अगदीच पोकळ नाही.