शांतिसेना श्रीलंकेत कशासाठी गेली आणि परतायला पावणेतीन वर्षे का लागली

परदेशात सैन्य पाठवावे का, आणि पाठवलेच तर ते कधी परत आणावे, हा वाद आपल्याकडे निघाला की अमेरिका, व्हिएतनाम आणि इराकची उदाहरणे दिली जातात. खरे तर भारतानेही श्रीलंकेत असे एक युद्ध लढले आहे. त्यात सुमारे १२०० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. तरीही शालेय इतिहासात १९६२, १९६५, १९७१ आणि कारगिलला जी जागा मिळाली ती या युद्धाच्या वाट्याला आली नाही.

सुरुवात १९८३ पासून करावी लागते. त्या वर्षीच्या जुलैत कोलंबोसह अनेक ठिकाणी तामिळांवर भीषण हल्ले झाले आणि हजारो निर्वासित समुद्र ओलांडून तामिळनाडूत आले. त्यानंतर भारताने एकाच वेळी दोन वाटा धरल्या. दिल्ली श्रीलंका सरकार आणि तामिळ संघटना यांच्यात मध्यस्थी करत होती, तर भारताची गुप्तचर यंत्रणा त्याच संघटनांच्या तरुणांना भारतीय भूमीवर लष्करी प्रशिक्षण देत होती. यात स्वतंत्र तामिळ राष्ट्रासाठी लढणारी एलटीटीईही होती. पुढे आपल्या जवानांना ज्यांच्याशी लढावे लागले, त्यांच्यापैकी काहींना आपणच शिकवून तयार केले होते, हे या प्रकरणातले सर्वांत बोचरे सत्य आहे.

१९८७ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पात मोठी मोहीम उघडली. ३ जून रोजी भारताने मदतसामग्री घेऊन पाठवलेल्या बोटी श्रीलंकेच्या नौदलाने परत फिरवल्या. दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाच्या एएन-३२ विमानांनी मिराज विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर मदत टाकली. त्या कृतीतून कोलंबोला जो इशारा मिळायचा तो मिळाला, आणि २९ जुलैला राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर रायफलच्या दस्त्याने वार केला. सिंहली समाजातल्या मोठ्या वर्गाला हा करार किती झोंबला होता, ते सगळ्या जगाने पाहिले.

करारात तामिळ संघटनांनी शस्त्रे खाली ठेवायची, उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र करायचे आणि प्रांतांना अधिकार द्यायचे असे ठरले होते. राष्ट्राध्यक्षांनी बोलावल्यास भारत शांतिसेना पाठवील, अशी तरतूद होती आणि जयवर्धनेंनी लगेच बोलावले. सोबतच्या पत्रांतून भारताने आणखी काही मिळवले: त्रिंकोमालीचे बंदर भारताच्या हिताविरुद्ध कोणाला वापरू द्यायचे नाही, परकीय लष्करी आणि गुप्तचर मंडळींच्या वावराचा विचार करायचा. म्हणजे तामिळांचे रक्षण हे एकच कारण पहिल्या दिवसापासून नव्हते. आणि ज्या एलटीटीईने शस्त्रे खाली ठेवायची होती, तिची या करारावर सहीच नव्हती.

दोन महिन्यांत सगळे उलटले. २६ सप्टेंबरला एलटीटीईचा नेता तिलीपन भारताकडे मागण्या करत उपोषणात मरण पावला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या ताब्यातील एलटीटीईच्या लोकांना कोलंबोला नेण्याची तयारी चालू असताना त्यांनी सायनाइड घेतले आणि त्यातले १२ जण दगावले. यानंतर शांतिसेना आणि एलटीटीई यांच्यात उघड युद्ध पेटले. जाफना ताब्यात घेण्यासाठी ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले आणि जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरने उतरवलेली शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी जवळजवळ पूर्ण कापली गेली. शहर हाती आले, पण लढाई संपली नाही. २५ नोव्हेंबरला मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. याच मोहिमेत जाफना रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण भारतीय सैनिकांच्या गोळीबारात मारले गेले. ज्या तामिळांनी हार घालून स्वागत केले होते, त्यांच्याच मनात या सैन्याबद्दल भीती आणि राग बसला. जवानांच्या शौर्याची नोंद ठेवताना ही नोंदही ठेवायलाच हवी.

दिल्लीत यावर टीका होत होती, पण सरकारला अडवील असे काही नव्हते. परदेशात सैन्य पाठवण्यासाठी संसदेची आधी मंजुरी घ्यावी, असे आपल्या राज्यघटनेत बंधन नाही. त्यामुळे शांतता राखण्यासाठी गेलेले सैन्य निःशस्त्रीकरणासाठी लढू लागले आणि पुढे उत्तर-पूर्वेचे प्रांतिक सरकार टिकवण्यासाठी थांबले, तरी प्रत्येक नव्या उद्दिष्टासाठी स्वतंत्र निर्णय कोणी मागितला नाही. ऐन भरात तिथे ८० हजारांच्या आसपास सैनिक होते.

माघारीचा वाद खऱ्या अर्थाने पेटला तो १९८९ मध्ये. रणसिंघे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले होते. दक्षिणेत जेव्हीपी या कट्टर डाव्या सिंहली पक्षाचे हिंसक बंड चालू होते आणि भारतीय सैन्याची उपस्थिती हे त्या बंडाचे मोठे भांडवल होते. १ जून रोजी प्रेमदासांनी जाहीरपणे सांगितले की २९ जुलैपर्यंत शेवटचा भारतीय सैनिक गेला पाहिजे. पुढचे काही आठवडे प्रेमदासा आणि राजीव गांधी यांच्यात पत्रे चालू राहिली. प्रेमदासांचा मुद्दा सरळ होता: तुम्ही राष्ट्राध्यक्षांच्या निमंत्रणावरून आलात, निमंत्रण मागे घेतले, आता थांबण्याचा हक्क उरत नाही. राजीव गांधींचे म्हणणे असे की करार दोन्ही देशांना बांधतो. प्रांतांना अधिकार मिळाल्याशिवाय आणि तामिळांच्या सुरक्षिततेची हमी असल्याशिवाय माघारीचे वेळापत्रक एकतर्फी ठरणार नाही.

कायद्याच्या अंगाने प्रेमदासांची बाजू भक्कम होती, असे मला वाटते. यजमान देशाने ‘जा’ म्हटल्यावर थांबलेले सैन्य शांतिसेना कसे राहील? पण राजीव गांधींची भीतीही पोकळ नव्हती. प्रेमदासा तेव्हा एलटीटीईशी बोलणी करत होते, भारतीय सैन्याशी लढण्यासाठी तिला शस्त्रेही पुरवली गेली, आणि भारताच्या पाठिंब्याने निवडून आलेले वरदराज पेरुमल यांचे प्रांतिक सरकार उघडे पडणार होते. खरी चूक त्याआधीची होती. अधिकारांचे वाटप कोलंबोने करायचे होते, ते कुठल्याही ब्रिगेडला बंदुकीच्या जोरावर घडवून आणता येत नव्हते. अशा गोष्टीवर माघार टांगून ठेवली की परतीची तारीख दुसऱ्याच्या हातात जाते, आणि तोवर रोज जवान मरत राहतात. एक वर्ष आधी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, मालदीवमधला उठाव मोडायला गेलेल्या भारतीय तुकड्यांचे काम नेमके होते आणि ते चटकन उरकलेही.

अखेर २९ जुलैला काही सैनिक परत पाठवून तोंडदेखली सुरुवात झाली आणि सप्टेंबरमध्ये वर्षाअखेरपर्यंतच्या माघारीवर समझोता झाला. डिसेंबरमध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार आले आणि शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासच्या बंदरावर त्यांच्या स्वागताला जायला मुख्यमंत्री करुणानिधींनी नकार दिला. सुमारे चौदा महिन्यांनी, २१ मे १९९१ रोजी, एलटीटीईने श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या केली.

२००३ मध्ये अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्य मागितले तेव्हा देशात पुन्हा हीच चर्चा रंगली. वाजपेयी सरकारने जुलैत नकार कळवला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू.