उंदरातील लेप्टिन ग्राही जनुक

लेप्टिन ग्राही हे पेशीच्या पृष्ठभागावर राहून लेप्टिन ओळखणारे प्रथिन; ते तयार करणारे हे जनुक. त्याचे संक्षिप्त नाव लेपआर. उंदरात ते पाचव्या गुणसूत्रावर, तर माणसात पहिल्या गुणसूत्रावर असते. (या नोंदीत उंदीर म्हणजे प्रयोगशाळेत पाळला जाणारा रॅट, माउस ही लहान जात वेगळी.) मेदपेशी लेप्टिन हे संप्रेरक स्रवतात. अंगावर चरबी जितकी जास्त, तितके रक्तातील लेप्टिन अधिक. शिल्लक चरबी किती, याचा अंदाज मेंदूला या ग्राहीमार्फत येतो.

जनुक एकच असले तरी त्याच्या आरएनएच्या निरनिराळ्या जुळणीतून ग्राहीची अनेक रूपे बनतात. त्यांचा पेशीबाहेरचा भाग सारखाच असतो. फरक असतो तो आतल्या शेपटीत. पूर्ण संदेशवहन जमते ते लांब रूपाला, कारण त्याची आतली शेपटी सुमारे ३०० ॲमिनो अम्लांची असते. आखूड रूपांची शेपटी त्या मानाने अगदी तोकडी. एक रूप तर पेशीपटलात रुततच नाही. ते रक्तात मोकळे फिरते आणि लेप्टिनला बांधून ठेवते. लांब रूप सर्वाधिक आढळते ते अधोथॅलॅमस (हायपोथॅलॅमस) या मेंदूतील भूक सांभाळणाऱ्या भागात. लेप्टिन चिकटले की शेपटीलगतचे जॅक-२ हे विकर जागे होते, शेपटीतील ११३८ क्रमांकाच्या टायरोसिन या ॲमिनो अम्लावर फॉस्फेट बसते आणि स्टॅट-३ हे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरून जनुके चालू करते. परिणामी भूक शमवणाऱ्या चेतापेशी सक्रिय होतात आणि भूक वाढवणाऱ्या चेतापेशी दबतात.

हे जनुक काय करते, ते कळले मुख्यतः ते बिघडलेल्या उंदरांवरून. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लोइस व थिओडोर झुकर यांना १९६१ मध्ये एका वंशात आपोआप उद्भवलेली लठ्ठ पिल्ले आढळली. हा दोष अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच पिल्लू लठ्ठ होते. चार-पाच आठवड्यांचे झाले की लठ्ठपणा डोळ्यांना दिसू लागतो. मूळ कारण हाती लागायला १९९६ साल उजाडले. ग्राहीच्या बाहेरच्या भागात २६९ व्या जागी ग्लुटामिन या ॲमिनो अम्लाऐवजी प्रोलीन आलेले असते. डीएनएतील फक्त एका अक्षराचा हा बदल. पण त्यामुळे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर पुरेसा पोहोचत नाही आणि पोहोचलेलाही नीट काम करत नाही. याच बदलामुळे एमएसपी-१ या विकराला डीएनए कापण्याची नवी जागा मिळते. म्हणून लठ्ठपणा दिसण्याआधीच, पिल्लाच्या ऊतीच्या बारीक तुकड्यावरून त्याचा जनुकप्रकार ओळखता येतो.

सायमन कोलेत्स्की यांनी क्लीव्हलंडमध्ये वाढवलेल्या, उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांच्या वंशात याच जनुकाचा वेगळा बिघाड आहे. तेथे ७६३ व्या जागी थांबण्याचा संकेत येतो, प्रथिन पेशीपटलापर्यंतचा भाग तयार होण्याआधीच तुटते आणि पटलात बसणारे एकही रूप बनत नाही.

झुकर उंदीर खूप खातो, पण त्याची कथा एवढ्यावर संपत नाही. त्याला सडपातळ भावंडाएवढेच मोजून खाऊ घातले तरी त्याच्या अंगावर चरबी अधिकच साठते. उष्णता निर्माण करण्याची त्याची क्षमता कमी असते, रक्तात इन्सुलिन वाढलेले असते आणि माद्या बहुधा वांझ राहतात. त्याच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदूला ते जाणवत नाही. म्हणून शरीर उपासमार चालू असल्यासारखे वागते. ऊर्जा जपून वापरायची, प्रजनन लांबणीवर टाकायचे, मिळेल ते साठवायचे. त्यामुळे लेपआरला ‘लठ्ठपणाचे जनुक’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. साठा संपत आल्याची खबर देणे हे त्याचे काम अधिक मूलभूत मानले पाहिजे.

रक्तातून असा संकेत जातो, याचा सुगावा जनुक सापडण्याच्या फार आधी लागला होता. १९५९ मध्ये जी. आर. हर्वी यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडल्या आणि प्रत्येक जोडीतील एकाच्या अधोथॅलॅमसला इजा केली. तो लठ्ठ होत गेला. त्याचे रक्त मिळणारा जोडीदार मात्र खाणे टाकून रोडावला. लेप्टिनचे जनुक १९९४ मध्ये आणि त्याच्या ग्राहीचे १९९५ मध्ये सापडले, तेव्हा या प्रयोगाचा उलगडा झाला.

याच जनुकाच्या दोषामुळे होणारा तीव्र लठ्ठपणा माणसात विरळा असून तो १९९८ मध्ये नोंदला गेला. अशा रुग्णाला लेप्टिनची इंजेक्शने देऊन उपयोग नसतो, कारण ते ओळखणारा ग्राहीच निकामी असतो. संदेशमार्गाच्या पुढच्या टप्प्यावरील मेलॅनोकॉर्टिन-४ ग्राहीला थेट चालना देणारे सेटमेलॅनोटाइड हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते या रुग्णांना दिले जाते.