अंगठी म्हणजे अणुबॉम्ब नव्हे

टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतली जादूची अंगठी म्हणजे अणुबॉम्बचं रूपक, हे मी कॉलेजपासून ऐकत आलोय. हिरोशिमा १९४५चं, पुस्तक १९५४-५५चं, म्हणून ते चटकन पटतं. पण लेखन १९३७च्या डिसेंबरातच सुरू झालं होतं. १९४४ साली टॉल्किन हवाई दलातल्या आपल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, दक्षिण आफ्रिकेत नवी प्रकरणं पाठवत होते. तोवर अंगठी गळ्यातल्या साखळीत अडकवून कथेचा नायक फ्रोडो मॉर्डॉरच्या, म्हणजे दुष्ट सॉरॉनच्या राज्याच्या, वेशीवर पोचलाही होता. बॉम्ब तेव्हा जगाला माहीतच नव्हता!

दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगितलंय, की कथा दुसऱ्या महायुद्धावर बेतली असती तर अंगठी हिसकावून सॉरॉनविरुद्धच वापरली गेली असती. इथे तर ती नष्ट करायला निघालेत. माझ्या मते वाद इथेच संपतो.

युद्धाची सावली शोधायचीच तर फ्रोडोच्या वाटेवरच्या मृतांच्या दलदलीत शोधा. पाण्याखालचे ते फिकट, मेलेले चेहरे आठवा. टॉल्किन १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते, आणि ही दलदल त्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही देणं लागते, असं त्यांनीच एका पत्रात लिहून ठेवलंय.