जेक्वेरी ॲनिमेशन

जेक्वेरी ॲनिमेशन : वेब पानावरील एखाद्या घटकाची उंची, जागा किंवा पारदर्शकता ठरलेल्या वेळात थोडी थोडी बदलत नेऊन हालचाल दाखवण्याची जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीतली (तयार कोडच्या संचातली) सोय. अमेरिकी प्रोग्रामर जॉन रेसिग यांनी ही लायब्ररी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. थॉमस फुक्स यांची स्क्रिप्टॅक्युलस ही लायब्ररी त्याच्या आदल्या वर्षीपासून असेच काम करत होती, आणि फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तर हालचालीचे अख्खे जग उभे होते. पण फ्लॅशला ब्राउझरमध्ये वेगळे प्लगइन (जोड-प्रोग्राम) लागे, आणि त्यातला मजकूर उरलेल्या पानापासून तुटलेला राही. जेक्वेरीने पानावर आधीपासून असलेला परिच्छेद, तक्ता किंवा मेनूच हलता केला, तोही एका ओळीच्या आज्ञेत. फेडइन, फेडआउट, स्लाइडअप, स्लाइडडाउन ही तिच्या तयार आज्ञांची नावे, तर ॲनिमेट ही सर्वसाधारण आज्ञा.

हालचाल ही सजावट आहे असा समज रूढ आहे, पण तिचे खरे काम निराळे आहे. तिकिटांच्या यादीतून एक नोंद रद्द केली आणि ती ओळ क्षणात नाहीशी झाली, तर खालच्या ओळी वर सरकलेल्या डोळ्यांना कळतच नाहीत. नेमकी कोणती ओळ गेली, हे पाहायला यादी पुन्हा वाचावी लागते. तीच ओळ विरत गेली आणि खालच्या ओळी हळूच वर आल्या, तर काय गेले आणि कुठून गेले हे न वाचता समजते. वस्तू कुठून आली आणि कुठे गेली, एवढे सांगणारी हालचाल चांगली. त्यापलीकडची बहुतेक वेळा वाचणाऱ्याचा वेळ खाते.

स्लाइडडाउनची आज्ञा दिल्यावर आत काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. लपवलेल्या खोक्याची उंची आधी ठाऊक नसते, कारण ती आतल्या मजकुरावर ठरते. म्हणून लायब्ररी ते खोके दाखवण्याजोगे करून त्याची खरी उंची मोजते, मग उंची शून्यावर आणते, बाहेर सांडणारा मजकूर झाकते आणि तिथून मोजलेल्या आकड्यापर्यंत चढत जाते. काम संपले की स्वतः घातलेली उंची पुसून टाकते, म्हणजे पुढे मजकूर वाढला तर खोकेही आपोआप वाढते. शून्यापासून ‘ऑटो’ म्हणजे मजकुरानुसार ठरणाऱ्या उंचीपर्यंत सहज जाण्याची सोय सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत कित्येक वर्षे नव्हती. बाकी सगळे सीएसएसकडे गेल्यावरही जेक्वेरीची ही एक आज्ञा अनेक पानांवर तशीच राहिली, ती याच कारणाने.

वेळ सांगितली नाही तर हालचाल ४०० मिलिसेकंद चालते. ‘फास्ट’ म्हणजे २०० आणि ‘स्लो’ म्हणजे ६००. चाल मात्र एकसारखी नसते. ३०० पिक्सेल उंचीचे खोके समान वेगाने उघडले, तर पहिल्या १०० मिलिसेकंदांत ते ७५ पिक्सेल उघडेल. जेक्वेरीची मूळ चाल ‘स्विंग’ नावाची आहे. तिच्यात ते तेवढ्या वेळात जेमतेम ४४ पिक्सेल उघडते, २०० मिलिसेकंदांना १५० वर येते, ३०० ला २५६ वर, आणि मग पुन्हा मंदावत टोक गाठते. झोपाळा दोन्ही टोकांना सावकाश आणि मध्यावर वेगात असतो, तसेच हे. गणितही कोसाइनचेच आहे. डोळा ही चाल मुकाट्याने स्वीकारतो, समान वेगाची हालचाल मात्र त्याला यांत्रिक वाटते.

एका घटकाला एकामागून एक आज्ञा दिल्या की त्या रांगेत लागतात आणि क्रमाने पार पडतात. ही सोय गोष्टीसारखी हालचाल रचायला उत्तम आहे, पण नवशिक्यांची पहिली फजितीही इथेच होते. मेनूवरून माउस पाच-सहा वेळा इकडून तिकडे गेला की तितक्या उघडझापा रांगेत साठतात, आणि माउस दूर गेल्यावरही मेनू आपला उघडत-मिटत राहतो. प्रत्येक नव्या आज्ञेआधी ‘स्टॉप’ लावून जुनी रांग रिकामी करणे हा त्यावरचा इलाज.

सुरुवातीला जेक्वेरी दर १३ मिलिसेकंदांनी घड्याळाच्या ठोक्यासारखी एक पायरी पुढे जात असे. नेहमीचा पडदा सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी ताजा होतो. दोन्हींचा ताल जुळत नसल्याने काही पायऱ्या वाया जात आणि हालचाल अडखळे. ब्राउझरांनी ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ ही पडदा ताजा होण्याच्या तालावर पायरी टाकण्याची सोय दिली, तेव्हा मे २०११ मधल्या १.६ आवृत्तीने ती उचलली. मग वेगळीच अडचण निघाली. मागे गेलेल्या टॅबमध्ये ब्राउझर या फ्रेम थांबवतो, पण फिरत्या चित्रांना पुढे ढकलणारा साधा टायमर चालूच राहतो. अर्ध्या तासाने त्या टॅबवर परत आलेल्या माणसासमोर साठलेली सगळी चित्रे धडाधड पळू लागत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १.६.३ आवृत्तीत हा बदल मागे घेतला गेला, आणि जून २०१६ च्या ३.० आवृत्तीत तो पुन्हा आला.

मर्यादा ठळक आहेत. रंगाचे संक्रमण मूळ लायब्ररीत नाही, त्यासाठी वेगळे प्लगइन लागते. ‘स्लिम’ नावाच्या हलक्या आवृत्तीतून ॲनिमेशनचा भागच वगळलेला असतो. ती फाइल जोडून स्लाइडडाउन का चालत नाही म्हणून कोड तपासत बसण्यात अनेकांचे तास गेले आहेत. मोठी मर्यादा वेगाची. उंची किंवा डावे अंतर बदलले की ब्राउझरला प्रत्येक फ्रेममध्ये आजूबाजूची मांडणी नव्याने मोजावी लागते, आणि साध्या मोबाइलवर हे लगेच जाणवते. ‘ट्रान्सफॉर्म’ (घटक सरकवणारा, फिरवणारा सीएसएसचा गुण) आणि पारदर्शकता बदलली तर हा हिशेब टळतो, पण ॲनिमेट ही आज्ञा ट्रान्सफॉर्म थेट हाताळत नाही. त्यामुळे साध्या हालचाली सीएसएसकडे गेल्या. गुंतागुंतीच्या रचनेसाठी जीसॅपसारख्या लायब्ररी आल्या. जीसॅपची मुळे फ्लॅशमध्ये आहेत. २०२४ मध्ये ती वेबफ्लो कंपनीने घेतली आणि २०२५ पासून तिची सगळी प्लगइन मोफत झाली.

कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाचा विकार असलेल्यांना पडद्यावरच्या मोठ्या हालचालीने चक्कर किंवा मळमळ होते. अशी माणसे फोनच्या सेटिंगमध्ये हालचाल कमी करण्याचा पर्याय निवडतात, आणि २०१७ पासून एकेका ब्राउझरने ही निवड पानाला कळवायला सुरुवात केली. जेक्वेरी स्वतःहून ती विचारत नाही. पान उघडताच ती तपासून ‘एफएक्स ऑफ’ हा खटका चालू केला की प्रत्येक घटक थेट शेवटच्या स्थितीत जातो. दोन ओळींचे हे काम कोणत्याही ॲप्लिकेशनमधून वगळले जाऊ नये.

मराठी पानांसाठी एक खास अडचण आहे. शीर्षकातले एकेक अक्षर उडत आणण्याची रीत इंग्रजी पानांवर फार दिसते, आणि तोच कोड उचलून देवनागरीला लावला जातो. ‘महाराष्ट्र’ या शब्दाला वाचणारा चार अक्षरे मोजतो : म, हा, रा, ष्ट्र. जावास्क्रिप्ट मात्र दहा मोजते, कारण काना आणि हलन्तही तिच्या लेखी स्वतंत्र चिन्हे आहेत. शब्द असा दहा तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकडा वेगळ्या खोक्यात ठेवला की काना आणि हलन्त ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून एकटे उभे राहतात आणि ष्ट्रमधले ष, ट आणि र सुटे होऊन वेगवेगळे येतात. ब्राउझरमधली ‘सेगमेंटर’ ही मजकुराचे अक्षरांनुसार तुकडे पाडणारी सोय वापरली तर काना अक्षराबरोबर राहतो. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम मात्र युनिकोडच्या (संगणकावरील अक्षरांच्या जागतिक मानकाच्या) मूळ तुकडे पाडण्याच्या रीतीत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारा ब्राउझर ‘महाराष्ट्र’चे सहा तुकडे करतो. तुकडे बरोबर पडले तरी प्रत्येक अक्षर वेगळे वर-खाली झाले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. म्हणून देवनागरीत शब्द हाच हालचालीचा सर्वांत लहान घटक धरावा : एकेक शब्द विरत किंवा वर सरकत आणला तर शिरोरेषा अखंड राहते, आणि त्यासाठी मोकळ्या जागेवर मजकूर तोडणारी एक ओळ पुरते.