शोथ आणि वृद्धापकाळातील मधुमेही जालपटलविकृती

दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या जालपटलातील, म्हणजे बोलीभाषेत डोळ्याच्या पडद्यातील, सूक्ष्म रक्तवाहिन्यांची व चेतापेशींची जी क्रमाक्रमाने हानी होते, तिला मधुमेही जालपटलविकृती म्हणतात. रक्तातील वाढलेली साखर हे तिचे मूळ कारण असले, तरी साखरेपासून दृष्टिनाशापर्यंतच्या वाटेवर वर्षानुवर्षे मंद गतीने चालणारा शोथ ही महत्त्वाची कडी आहे, असे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. साठीनंतर ही कडी अधिक बळकट होते, कारण वार्धक्यात शरीरातील शोथप्रक्रिया एरवीही वाढलेली असते. ठाणे व नवी मुंबई या जोडशहरांतील ज्येष्ठ नागरिक डोळ्यासमोर ठेवून या संबंधाचा येथे विचार केला आहे.

शोथ हा परिभाषेतला शब्द. व्यवहारात त्याला दाह किंवा सूज म्हणतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. डोळे आले की ते लाल होतात, चुरचुरतात, त्यांतून पाणी येते. दाह म्हटल्यावर तेच चित्र मनात उभे राहते. जालपटलात मात्र वेदना जाणवणारे चेतातंतूच नसतात, त्यामुळे तिथला शोथ ना दुखतो, ना बाहेरून दिसतो. ‘पडद्याला सूज आली आहे’ असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ‘पण मला तर काहीच होत नाही’ असे उत्तर येते, आणि ते उत्तर खरेही असते. शिवाय पडद्याची सूज आणि शोथ या दोन गोष्टी एकच नव्हेत. सूज म्हणजे तीक्ष्ण दृष्टीच्या मध्यबिंदूपाशी, पीतबिंदूत, पाझरून साठलेला द्रव होय. शोथ ही तो द्रव पाझरू देणारी प्रक्रिया आहे.

या प्रक्रियेची सुरुवात रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरापासून होते. साखर सतत चढी राहिली की प्रथिनांना ती कायमची चिकटते आणि त्यातून निर्माण होणारी संयुगे अस्तरातील पेशींवरच्या विशिष्ट ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूंना, जाऊन भिडतात. त्याच वेळी पेशींच्या आत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. या दुहेरी माऱ्यामुळे अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकटपणा आणणारे रेणू वाढवतात, आणि एरवी रक्ताबरोबर वाहून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे अडकू लागतात. जालपटलातील केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की पांढऱ्या पेशीला आकार बदलूनच त्यांतून जावे लागते, आणि मधुमेहात या पेशी अधिक ताठर झालेल्या असतात. अडकलेली पेशी वाट बुजवते, अस्तराला इजा करते आणि शोथाला चालना देणारी रसायने सोडते. केशवाहिनीला बाहेरून बिलगून तिला आधार देणाऱ्या परिपेशीही दरम्यान मरत जातात. आधार गेलेल्या भिंतीला जागोजागी फुगे येतात. नेत्रतपासणीत दिसणारे लाल ठिपके बहुधा हेच असतात.

रक्तवाहिन्यांच्या बाहेरही शांतता नसते. जालपटलात मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी असतात. निरोगी अवस्थेत त्या आपल्या बारीक शाखा पसरून परिसर न्याहाळत असतात. मधुमेहात त्या शाखा आखडून गोलसर होतात आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-आल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा यांसारखी शोथ भडकवणारी द्रव्ये बाहेर टाकतात. जालपटलाला आधार देणाऱ्या म्युलर पेशीही या गदारोळात सामील होतात. विकृती वाढलेल्या रुग्णांच्या काचद्रवात, म्हणजे डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या जेलीसारख्या द्रवात, इंटरल्यूकिन-६ व इंटरल्यूकिन-८ या तशाच द्रव्यांचे प्रमाण वाढलेले आढळते. या द्रव्यांमुळे रक्त आणि जालपटल यांच्यामधील अडसर सैल होतो व द्रव पाझरतो. दुसरीकडे, बुजलेल्या केशवाहिन्यांमुळे प्राणवायूला मुकलेला भाग व्हीईजीएफ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करतो. त्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या ठिसूळ असतात की त्यांतून काचद्रवात रक्तस्राव होतो, आणि त्यांच्याबरोबर वाढणाऱ्या तंतूंच्या ओढीने पुढे पडदा सरकू शकतो. व्हीईजीएफ स्वतःही पांढऱ्या पेशींना बोलावून घेते, म्हणजे शोथ आणि व्हीईजीएफ एकमेकांना खतपाणी घालतात. उपचार ठरवताना याच गोष्टीला महत्त्व येते.

शोथाची ही कल्पना सुचली ती संधिवातामुळे. १९६४ मध्ये पॉवेल आणि फील्ड यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात नोंदवले, की संधिवातासाठी सॅलिसिलेट वर्गातील शोथरोधक औषधे घेणाऱ्या मधुमेही रुग्णांत जालपटलविकृती अपेक्षेपेक्षा कमी दिसते. ॲस्पिरीन याच वर्गातले असल्याने त्याच्याविषयी आशा निर्माण होणे स्वाभाविक होते. अमेरिकेत ३,७११ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरीन घेऊनही विकृती थांबत नाही असे दिसले. निष्कर्ष निराशाजनक होता, पण त्याची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही : त्या चाचणीत ॲस्पिरीनमुळे डोळ्यातील रक्तस्रावही वाढला नव्हता. हृदयविकारासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी ‘डोळ्यात रक्त उतरेल’ या भीतीने परस्पर बंद करणारे आजोबा प्रत्येक वसाहतीत सापडतात, आणि त्यांना हृदयाचा धोका डोळ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. शोथाची कल्पना मात्र टिकून राहिली. पांढऱ्या पेशींना चिकटण्यास मदत करणारे रेणू नसलेल्या उंदरांना मधुमेह झाला, तरी त्यांच्या केशवाहिन्यांची हानी कमी होते, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले.

वय वाढते तसे शरीरात मंद, रोगजंतूंशिवायचा शोथ वाढत जातो. इटालियन शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० मध्ये या स्थितीला ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिले. पोटावरची चरबी, मूत्रपिंडाची घटलेली कार्यक्षमता, हिरड्यांचा जुनाट विकार या सर्वांची त्यात भर पडते. हिरड्या आणि साखर यांचे नाते दुतर्फा असते, हे दातांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. वृद्ध रुग्णात अडचण आणखी एका कारणाने वाढते. मोतीबिंदूमुळे दृष्टी अंधुक होते आणि पडद्याचा विकार त्याच्या आडोशाला लपतो. ‘नंबर वाढला असेल’ किंवा ‘मोतीबिंदू अजून पिकायचा आहे’ या समजुतीत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. मोतीबिंदू पिकू देण्याची गरज आजच्या शस्त्रक्रियेत उरलेली नाही. उलट त्यामागचा पडदा नीट पाहता यावा, हेच शस्त्रक्रियेचे एक कारण ठरू शकते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. पन्नाशीपुढील व्यक्तींच्या २०१५–१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात ११.८ टक्के लोकांना मधुमेह, आणि त्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांत जालपटलविकृती आढळली. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात या आकड्यांमागची माणसे ओळखीची वाटतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. त्यानंतरच्या दोन दशकांत वाशी, नेरूळ, बेलापूरच्या वसाहतींत घरे घेऊन आलेली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत पाळ्या केलेली पिढी आज सत्तरीच्या घरात आहे. जेवणाच्या अनियमित वेळा, रात्रपाळी आणि लोकलचा प्रवास यांत गेलेल्या तरुणपणानंतर तिच्यातील अनेकांच्या मधुमेहाला वीस वर्षे उलटून गेली आहेत, आणि मधुमेहाचा कालावधी हाच या विकृतीचा सर्वांत भक्कम निदर्शक आहे.

ठाण्यात तलावपाळीवर आणि उपवन परिसरात सकाळी चालणाऱ्या ज्येष्ठांपैकी पुष्कळजण रक्तशर्करा नियमाने तपासतात. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए१सी) तोंडपाठ असते. पडद्याची तपासणी मात्र राहून जाते. ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे यांच्या पुढाकाराने नेत्रशिबिरे होतात, पण त्यांचा भर बहुधा चष्मा आणि मोतीबिंदू यांवर असतो. बाहुली मोठी न करता केलेल्या घाईच्या तपासणीत पडद्याचा कडेचा भाग दिसतच नाही, त्यामुळे ‘शिबिरात दाखवले, सगळे ठीक आहे’ हे समाधान फसवे ठरू शकते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, आणि पुढे दर वर्षी, पडदा तपासून घ्यावा असा संकेत आहे. डोळ्यात थेंब घातल्यावर काही तास जवळचे दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही, म्हणून सोबत कोणी असणे इष्ट असते. मुले पुण्याला किंवा परदेशी असलेल्या जोडप्यांत तपासणी पुढे ढकलली जाते ती पुष्कळदा एवढ्याच कारणाने. सार्वजनिक सेवेत कळवा येथील महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचे महापालिका रुग्णालय हे या भागातील परिचित आधार आहेत.

निदानात ओसीटी या प्रकाशाधारित चित्रणाने पडद्याच्या थरांचा छेद काही सेकंदांत दिसतो व सूज किती आहे हे मोजता येते. त्यात चमकणारे काही सूक्ष्म बिंदू सक्रिय मायक्रोग्लियांचे असावेत, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. तो खरा असल्यास शोथ प्रत्यक्ष पाहण्याचा तो एक मार्ग ठरेल.

उपचारांत डोळ्यात इंजेक्शन देऊन व्हीईजीएफ रोखणे ही आज पीतबिंदूच्या सुजेवरील पहिली पसंती आहे. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हॅसिझुमॅब ही त्यातली प्रचलित औषधे. सुरुवातीला दर महिन्याला द्याव्या लागणाऱ्या या इंजेक्शनांनी काही रुग्णांची सूज ओसरत नाही, आणि अशा वेळी थेट शोथावर काम करणारी स्टिरॉइडे उपयोगी पडतात. डेक्सामेथासोनची डोळ्यात सोडलेली बारीक कांडी काही महिने औषध झिरपत ठेवते, फ्लुओसिनोलोनची त्याहून बरीच अधिक काळ. काचबिंदूकडे नेणारा डोळ्याचा वाढता दाब आणि मोतीबिंदू हे स्टिरॉइडांचे दोन मोठे दोष आहेत. पण ज्या वृद्धाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, त्याच्या बाबतीत दुसरा दोष आपोआप निकालात निघतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत कृत्रिम भिंग बसवलेल्या डोळ्यांमध्ये पडद्यावरील लेझर उपचारासह दिलेल्या स्टिरॉइडाचा परिणाम रॅनिबिझुमॅबच्या तोडीचा आढळला होता. दर महिन्याला रुग्णालय गाठणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. दाब मोजण्यासाठी फेऱ्या माराव्याच लागतात, एवढे मात्र खरे.

रक्तदाबाचे नियंत्रण साखरेइतकेच मोलाचे आहे : ब्रिटनमधील १९९८ च्या चाचणीत काटेकोर रक्तदाबनियंत्रणाने जालपटलविकृती बिघडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले. रक्तातील चरबीवरील फेनोफायब्रेट या जुन्या औषधालाही शोथरोधक गुण असल्याचे मानले जाते, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील चाचणीत त्याने सुरुवातीच्या अवस्थेतील विकृतीची वाढ २७ टक्क्यांनी कमी केली. साखर मात्र घाईने खाली आणू नये. फार झपाट्याने ती उतरली तर पडद्याचा विकार तात्पुरता वाढू शकतो, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाला साखर एकाएकी कमी होऊन घेरी येणे चढ्या साखरेपेक्षा अधिक घातक ठरू शकते. म्हणूनच अनेक व्याधी असलेल्या वयोवृद्धांसाठी तीन महिन्यांच्या सरासरीचे लक्ष्य ७ ऐवजी ८ टक्क्यांच्या आत असे सैल ठेवले जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनेही डोळ्यात शोथ काही काळ उफाळतो, त्यामुळे पडद्याला आधीच सूज असेल तर तिच्यावर प्रथम, किंवा शस्त्रक्रियेच्या वेळीच, उपचार करून मगच नवे भिंग बसवण्याकडे नेत्रतज्ज्ञांचा कल असतो, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत ओसीटी पुन्हा काढली जाते.