अंगणातील छोटी रेल्वे : उभारणी आणि देखभाल (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

छोट्या रेल्वेची, म्हणजे अंगणात धावणाऱ्या लहान प्रतिकृती-गाडीची, चौकशी करायला आमच्या कार्यशाळेत येणारे ग्राहक बहुधा पहिला प्रश्न इंजिनाविषयी विचारतात, आणि आम्ही मात्र त्यांना आधी त्यांच्या जमिनीविषयी विचारतो. आपल्या भागातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर टाकलेला रूळ वर्षातून दोनदा वर-खाली होतो, आणि रुळाची एक बाजू दुसरीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जरी खचली, तरी लहान डब्याचे चाक तेथे रूळ सोडते.

आमच्या कार्यशाळेपुढचा पहिला मार्ग आम्ही काळ्या मातीवरच चार इंच जाडीची काँक्रीटची पट्टी टाकून तयार केला होता. पुढच्या मृगापर्यंत ती पट्टी तीन ठिकाणी तडकली. एका तड्याशी दोन्ही कडांत बोटाच्या पेराएवढा फरक पडला आणि गाडी दर फेरीला त्याच जागी रुळावरून उतरू लागली. ती पट्टी फोडून काढावी लागली. तेव्हापासून आम्ही काळ्या जमिनीत मार्गाखाली काँक्रीट घालत नाही आणि ग्राहकाने आग्रह धरला तरी घालून देत नाही.

त्याऐवजी मार्गाच्या रेषेवर दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणून काळी माती पूर्ण बाहेर काढावी आणि त्यात मुरूम भरावा. काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्याच्या अस्तराखाली ज्या कारणासाठी मुरमाचा थर देतात, तेच कारण येथेही आहे : मुरूम पाण्याने फुगत नाही. मुरूम एकदम न ओतता सहा-सहा इंचांच्या थरांत टाकावा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून तो धुम्मसाने ठोकावा आणि शेवटी भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याला वाट काढून द्यावी. हे काम मे महिन्यात उरकून भरावाला एक पावसाळा बसू द्यावा आणि पोळ्यानंतर खचलेल्या जागा भरून मगच रूळ टाकावेत, असे आम्ही सर्वांना सांगतो. चार महिने थांबणे घरातील मुलांना जड जाते, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही या एका बाबतीत कृपया घाई करू नये. ज्यांची जमीन मुळातच मुरमाड आहे, त्यांना खोल चर खणण्याची गरज नाही. अर्धा फूट पुरतो.

बागेतील रेल्वेसाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे रूळ ४५ मिमी अंतराचे (दोन रुळांमधील अंतर) असून बागेतील गाड्यांसाठी त्यांचा प्रसार १९६८ साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथून झाला. १:२२.५ या प्रमाणात, म्हणजे गाडी मूळच्या साडेबावीसपट लहान केल्यास, हे अंतर मीटर गेजशी जुळते, म्हणजे अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्याला जाणाऱ्या जुन्या गाडीशी. परंतु आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची छोटी गाडी असते, आणि ती ७६२ मिमीच्या नॅरोगेजवर धावत असे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत सेवेत होते, आणि दारव्हा, मूर्तिजापूर, अचलपूर या पट्ट्यातील वडीलधाऱ्या माणसांना त्याची शिटी आजही आठवते. तिची प्रतिकृती हवी असल्यास १:२४ प्रमाण धरून ३२ मिमी अंतराचे रूळ घ्यावेत. ते मूळ गाडीच्या ७६८ मिमीइतके भरतात, म्हणजे फरक नगण्य राहतो. अडचण एवढीच की तयार इंजिने बहुतांशी ४५ मिमीचीच मिळतात आणि ३२ मिमीसाठी डबे घरी किंवा आमच्याकडे बनवून घ्यावे लागतात. काम हाती घेण्यापूर्वी नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात एक दिवस घालवावा. डब्याच्या पायरीची उंची किंवा बफरची ठेवण छायाचित्रावरून नीट कळत नाही.

तयार मिळणाऱ्या वळणांपैकी सर्वांत लहान वळण ६० सेंमी त्रिज्येचे असते, परंतु जागा असेल तर १२० सेंमीपेक्षा कमी त्रिज्या घेऊ नये, कारण लांब डबे लहान वळणावर घासत जातात. चढ ५० सेंमीला १ सेंमीपेक्षा जास्त नसावा, आणि तो डोळ्यांनी न ठरवता पाणसळ लावून ठरवावा.

उन्हाचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर असलेला पितळी रूळ मे महिन्याच्या दुपारी ६५ अंशांपर्यंत तापू शकतो, आणि तेवढ्या फरकाने १० मीटर लांबी सुमारे साडेदहा मिलिमीटरने वाढते. या वाढीला जागा न मिळाल्यास मार्ग बाजूला फुगून वाकडा होतो. म्हणून थंडीत रूळ जोडताना दीड मीटरच्या प्रत्येक तुकड्यानंतर रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट सोडावी. जोडताना तेच नाणे मध्ये धरावे आणि जोडपट्टी बसल्यावर काढून घ्यावे. रूळ भरावाला खिळ्यांनी ठोकू नयेत. स्लीपरभोवती ३ ते ६ मिमीची फोडलेल्या दगडाची चुरी भरली की तिचे कोपरे एकमेकांत अडकून मार्ग जागेवर राहतो; नदीतील गोल खडे मात्र पायाखालून सरकतात, त्यामुळे ते वापरू नयेत.

रुळांतून वीज देण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, परंतु पावसाने पितळेवर काळपट थर चढतो आणि प्रत्येक फेरीपूर्वी रूळ पुसावे लागतात. भारनियमनाची अडचण निराळीच. त्यामुळे खेड्यातील ग्राहकांना आम्ही डब्यात बॅटरी ठेवून रेडिओवर चालणारी गाडी सुचवतो. लिथियम बॅटरी उन्हात ठेवू नये, आणि गाडी उन्हातून आणल्यावर बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

देखभालीत सर्वांत जास्त वेळ हरळीला द्यावा लागतो. तिची मुळे भरावाच्या खालून शिरतात आणि वरून उपटल्याने जात नाहीत, म्हणून भरावाच्या कडेला दर पंधरा दिवसांनी खुरपे फिरवून ती मुळासकट काढावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते तेव्हा मार्ग रोज झाडावा. कापूस वेचणीच्या हंगामात डबे उलटे करून आस अवश्य पाहावेत. वाऱ्याने आलेले कापसाचे तंतू चाकाच्या आतल्या बाजूला आसाभोवती गुंडाळले जातात, तेलात भिजून दोऱ्यासारखे घट्ट होतात आणि चाक फिरेनासे होते. ते सुईने उकलून चिमट्याने ओढून काढावेत, पात्याने कापू नयेत. लाकडी पुलासाठी सागाचा गाभाच वापरावा, कारण इतर लाकडाला उधई लवकर लागते. बोगद्यात हात घालण्यापूर्वी नेहमी काठी फिरवून पाहावी. विंचवाला तेथील गारवा आवडतो. बोगद्याचे छप्पर उचलून काढता येईल असे ठेवल्यास मुलांनाही धोका राहत नाही.

चौकशीसाठी येताना जागेची लांबी-रुंदी, जवळच्या झाडांची नावे आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूला वाहते ही माहिती लिहून आणावी. त्यासोबत दीड फूट खोलीवरची ओंजळभर माती पिशवीत आणावी. आम्ही तिचा गोळा भिजवून वळतो आणि उन्हात ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्या गोळ्याला पडलेल्या भेगा पाहून भरावाची खोली ठरवतो आणि त्यानंतरच खर्चाचा अंदाज लिहून देतो.