लाठीला ताप सापडत नाही

फेब्रुवारी २०२१मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला, तोही ७२ तासांच्या आतला. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर पोलीस उभे राहिले. नियम कागदावर ठीकच होता. पण सीमेलगतच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या माणसाचा बाजार, दवाखाना, पैपाहुणे बेळगावातच. इकडची शिनोळी सोडली की कर्नाटकातली बाची आलीच. आपण परराज्यात निघालोय हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

समजा, दुचाकीवर मागे आजारी वडील, खिशात केसपेपर, आणि पोलीस कन्नडमध्ये ओरडतो, काठी आपटतो. माणूस मुकाट्याने मागे फिरतो. रस्ता मोकळा झाला, काम फत्ते! आठवड्याने त्याच्याच घरात कुणाला ताप आला, तर दारात आलेल्या आशाताईला तो सांगेल? साथ आटोक्यात येते ती अशा सांगण्यावर. घरातला ताप नाकाबंदीत सापडत नाही.

टॉम टायलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४मध्ये शिकागोतल्या १,५७५ लोकांना कायदा पाळण्याबद्दल विचारलं. शिक्षेच्या भीतीपेक्षा पोलीस-कोर्टाला आपल्यावर हुकूम करायचा अधिकार आहे असं वाटणं जास्त वजनदार ठरलं. ते वाटणं कशावर ठरतं? आपलं ऐकून घेतलं का, सगळ्यांना एकच माप लावलं का, नीट बोलले का, यावर. आपलं काम झालं की नाही, हे त्यामानाने दुय्यम. म्हणजे परत पाठवायचंच असेल, तरी आधी केसपेपर बघून, कारण मराठीत सांगून पाठवता येतं. त्याला जादा खर्च नाही.

इबोलाच्या काळात लायबेरियाच्या मनरोव्हियात झालेली पाहणी मला जास्त बोलकी वाटते. सरकारवर भरवसा नसलेल्यांनी खबरदारी कमी घेतली, पण रोग कसा पसरतो याची माहिती त्यांना इतरांइतकीच होती. ‘लोक अडाणी आहेत’ हे साहेबलोकांचं लाडकं उत्तर तिथे बाद होतं. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोजीर घरं तपासू लागले, तेव्हा लोकांनी रोगी लपवले, तेही काही प्लेग कळला नव्हता म्हणून नव्हे.

अशा पाहण्यांची एक मर्यादा आहे. अविश्वासामुळे नियम मोडले, की दोन्हींच्या मुळाशी आधीचंच काही दुखणं होतं, हे त्यांतून पक्कं ठरत नाही. आणि सीमाभागात असं दुखणं १९५६पासूनचं, भाषावार प्रांतरचनेत बेळगाव तिकडे गेलं तेव्हापासूनचं आहे; नाक्यावरच्या शिपायाच्या वाट्याला तेही येतं.